ऋणाची वहिवाट

१८९९ साली फ्रान्समध्ये स्थायिक झालेल्या एका निवृत्त अमेरिकी बँकरने आपल्या जुन्या कॉलेजाला ग्रेट नॉर्दर्न रेल्वेचे १,७०० अग्रहक्काचे शेअर देऊन टाकले. त्यांची किंमत तीन लाख डॉलर धरली गेली. बँकरचे नाव एडवर्ड टक आणि कॉलेज न्यू हॅम्पशर राज्यातल्या हॅनोव्हर या आडगावचे डार्टमथ. टक १८६२ साली तिथून पदवीधर झाले होते. त्यांचे वडील अमोस टक याच कॉलेजचे विद्यार्थी आणि पुढे विश्वस्त. ज्यांच्या शब्दाखातर ही देणगी दिली गेली, ते कॉलेजचे अध्यक्ष विल्यम ज्युएट टकर हे टक यांचे कॉलेजातले जुने सोबती. वकील व्हायचे तर कायद्याची शाळा, डॉक्टर व्हायचे तर वैद्यकाची. व्यापार मात्र पेढीवर बसूनच शिकायचा, असा तो काळ होता. या पैशातून पदवीनंतर व्यवस्थापन शिकवणारी जगातली पहिली शाळा वडिलांच्या नावाने उभी राहिली आणि १९०० साली तिच्या पहिल्या वर्गात चार विद्यार्थी येऊन बसले. त्याआधी, १८८१ साली, फिलाडेल्फियात जोसेफ व्हार्टन यांच्या एक लाख डॉलरवर पदवीपूर्व व्यापारशिक्षण सुरू झाले होते, पण व्हार्टन त्या विद्यापीठाचे विद्यार्थी नव्हते. टक स्कूलची गोष्ट वेगळी, कारण तिचा पहिला डॉलरच एका माजी विद्यार्थ्याचा. पुढे याच शाळेने एक असा लौकिक मिळवला की जो इमारतींपेक्षा टिकाऊ ठरला. तिथून शिकून गेलेल्यांपैकी दरसाल साठ-सत्तर टक्के लोक शाळेला काही ना काही पाठवतात, अशी तिची अनेक वर्षांची ख्याती आहे, आणि इतर व्यवस्थापन शाळा या आकड्याच्या आसपासही सहसा फिरकत नाहीत. हे कशामुळे घडते? हॅनोव्हरची माणसे इतरांहून अधिक कृतज्ञ असतात म्हणून? मला तसे वाटत नाही. माजी विद्यार्थ्यांचे देणे हा मनाचा उमाळा नाही, ती संस्थांनी शंभर-दीडशे वर्षे खपून पाडलेली वहिवाट आहे. तिची ताकद किती कोटी आले यावरून कळत नाही. किती जणांचा हात लागला, यावरून कळते.

वहिवाट पडायला किती काळ लागला, ते अमेरिकेच्या इतिहासात स्पष्ट दिसते. मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांनी आपला संघ १८२१ सालीच स्थापला. कॉलेज बंद पडते की काय, अशा धास्तीतून तो जन्मला. तरी पुढली सत्तर वर्षे माजी विद्यार्थ्यांकडून पैसे मागायचे ते अडीअडचणीला. इमारत जळाली, तिजोरीत खडखडाट झाला की मग पत्रे जायची. १८९० साली येलने ही रीत बदलली. संकट असो वा नसो, धनिक असो वा नुकता नोकरीला लागलेला तरुण असो, प्रत्येकाकडे दरवर्षी मागायचे, आणि मागायचे कोणी तर त्याच्याच वर्गातल्या कुणीतरी, असा निधी येलने सुरू केला. १९०५ साली हार्वर्डच्या १८८० च्या तुकडीने पदवीच्या पंचविसाव्या वर्षी विद्यापीठाला एक लाख डॉलर दिले आणि रौप्यमहोत्सवी भेटीचा पायंडाच पडला. या सगळ्यात भावनेपेक्षा यंत्रणा मोठी आहे. पत्त्यांची वही अद्ययावत ठेवणे, दर पाच वर्षांनी तुकडी एकत्र आणणे, वर्गप्रतिनिधी नेमणे, कोणत्या तुकडीतल्या किती टक्के लोकांनी दिले ते छापणे, ही कामे कंटाळवाणी आहेत, आणि वहिवाट नेमकी त्यांच्यावरच उभी आहे. व्यवस्थापन शाळांना ही यंत्रणा आयती मिळाली आणि त्यांच्या शिक्षणाची घडणही तिला पोषक निघाली. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, ठरलेला वर्ग, रोज त्याच माणसांसमोर उभे राहून आपले मत मांडायचे. हार्वर्डमध्ये नव्वदएक जणांचा एक विभाग पहिले वर्षभर एकाच खोलीत बसतो. टकमध्ये गावच इतके लहान की वर्ग सोडून दुसरीकडे जायला जागा नाही. अशा ठिकाणी वीस वर्षांनी फोन येतो तो संस्थेच्या कचेरीतून येत नाही, शेजारच्या बाकावरच्या मित्राचा येतो. त्याला नाही म्हणणे अवघड जाते.

पण टक्केवारीचा एवढा बाऊ कशाला, एक मोठा दाता हजार लहान दात्यांना भारी नाही का, असे कोणी विचारील. त्यासाठी साधा हिशेब मांडून पाहू. अक्षयनिधीचा नियम असा की मुद्दलाला हात लावायचा नाही आणि दरसाल त्याच्या साधारण चार-पाच टक्केच खर्च करायचे, म्हणजे महागाईतही निधी झिजत नाही. एक कोटी रुपयांचा अक्षयनिधी असेल तर चार टक्क्यांनी वर्षाला चार लाख हाती येतात. आता चारशे माजी विद्यार्थ्यांनी दरसाल प्रत्येकी हजार रुपये दिले, तरी वर्षाचे चार लाखच होतात. म्हणजे ती चारशे माणसे संस्थेच्या दृष्टीने एक कोटीच्या मुद्दलाइतकी आहेत, आणि त्या मुद्दलाला बाजार कोसळण्याची भीती नाही. ही भीती पोकळ नसल्याचे २००९ साली दिसले. हार्वर्ड विद्यापीठाचा निधी एका आर्थिक वर्षात ३६.९ अब्ज डॉलरवरून २६ अब्जांवर आला, आणि त्या निधीच्या उत्पन्नावर उभारलेली कामे लटकली. दुसरा फरक पैशाच्या मोकळेपणाचा. मोठी देणगी बहुधा अटी घेऊन येते. ती इमारतीसाठी असते, एखाद्या अध्यासनासाठी असते, अमुक विषयाच्या केंद्रासाठी असते. हजार-हजाराच्या देणग्यांना अट नसते. अधिष्ठात्याला यंदा दोन विद्यार्थ्यांची फी भरायची आहे, की नवा अभ्यासक्रम चाचपून पाहायचा आहे, की ग्रंथालयाचे छत गळते आहे, हे त्याचे त्यालाच ठरवू देणारा पैसा तो हाच. मोठ्या देणगीने संस्थेला काया मिळते. तिचा रोजचा श्वास या लहान देणग्यांवर चालतो.

विद्यार्थ्याच्या पदरात यातून काय पडते? उघड उत्तर शिष्यवृत्तीचे. हार्वर्ड बिझनेस स्कूल शिष्यवृत्ती गुणांवर देत नाही, आर्थिक गरज पाहून देते. तिथले जवळपास निम्मे विद्यार्थी अशी मदत घेतात, आणि २०२२ साली शाळेने जाहीर केले की सर्वाधिक गरजू अशा दहा टक्के विद्यार्थ्यांची पूर्ण फी, म्हणजे वर्षाला सुमारे ७६ हजार डॉलर, शाळाच भरील. पण शिष्यवृत्तीने फक्त प्रवेश सुकर होतो असे समजणे अपुरे आहे. कर्जाचा डोंगर घेऊन बाहेर पडणारा पदवीधर पहिली नोकरी आवडीने निवडत नाही, हप्ता पाहून निवडतो. लहान उद्योग, स्वयंसेवी संस्था, सरकारी काम यांच्याकडे त्याचे पाऊल वळत नाही. म्हणून देणगीचे खरे फळ प्रवेशाच्या दारात दिसत नाही, पदवीनंतरच्या पहिल्या नोकरीत दिसते. येलच्या व्यवस्थापन शाळेने हे फार लवकर ओळखले. १९७६ साली सुरू झालेल्या त्या शाळेत सुरुवातीच्या काळातच विद्यार्थ्यांनी आपसात एक निधी उभारला. उन्हाळ्यात बँका आणि सल्लागार कंपन्यांत भरघोस पगारावर काम करणाऱ्यांनी कमाईतला वाटा बाजूला काढायचा, आणि त्यातून सार्वजनिक किंवा ना-नफा संस्थेत तुटपुंज्या मानधनावर काम करणाऱ्या वर्गबंधूंचा खर्च भागवायचा. इथे देणारा अजून माजी विद्यार्थी झालेलाही नाही. तो अजून वर्गात आहे आणि घेणारा त्याच्या डोळ्यांसमोर आहे. देण्याची सवय लागायला याहून चांगली शाळा नाही. दान पन्नाशीनंतर, सगळे स्थिरस्थावर झाल्यावर करायचे, ही समजूत तिथे मुळातच खोडली जाते.

मोठा पैसाही या वहिवाटीच्या आतून आला तर कसा वागतो, याचे उत्तम उदाहरण विस्कॉन्सिन विद्यापीठाचे आहे. एकविसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत व्यवस्थापन शाळांची नावे विकण्याची जणू लाट आली होती. शिकागोच्या शाळेला २००८ साली डेव्हिड बूथ यांनी ३० कोटी डॉलर दिले आणि शाळा बूथ झाली. विस्कॉन्सिनच्या अधिष्ठात्यांसमोरही हाच मार्ग होता. पण २००७ साली तिथल्या तेरा माजी विद्यार्थ्यांनी मिळून साडेआठ कोटी डॉलर जमवले ते उलट अटीवर. निदान वीस वर्षे शाळेला कुणाचेही नाव द्यायचे नाही, ती विस्कॉन्सिनचीच राहील. नाव लावण्याची किंमत असते तशी नाव न लावण्याचीही असू शकते, आणि ती तेरा जण वाटून घेऊ शकतात, हे तोवर कुणाच्या ध्यानात आले नव्हते. यात एक व्यवहारी शहाणपणही आहे. नाव एकदा विकले की पुढच्या पिढीला विकायला काही उरत नाही, आणि सामान्य माजी विद्यार्थ्याच्या मनात येते, शाळा आता त्या अमक्याची, आपल्या दोन पैशांचे तिथे काय? तेरा जणांनी शाळेचे नाव सर्वांच्या मालकीचे ठेवले, म्हणजे बाकी हजारोंची देण्याची इच्छा जपली.

आपल्याकडचे चित्र याच्या शेजारी ठेवले की फरक नजरेत भरतो. मुंबईतल्या नामवंत व्यवस्थापन संस्थांच्या पाट्या वाचाव्यात. १९६५ साली मुंबई विद्यापीठाने स्टॅनफर्डच्या सहकार्याने काढलेली संस्था जमनालाल बजाज यांच्या नावाची, त्यानंतरच्या सोमय्या, एस. पी. जैन, नरसी मोनजी. सारी नावे उद्योगघराण्यांची किंवा आश्रयदात्यांची, विद्यार्थ्याचे एकही नाही. यावरून आपल्या लोकांना देण्याची सवयच नाही असे अनुमान काढणारे काढतात, पण ते इतिहासाला धरून नाही. महाराष्ट्रात विद्यार्थ्याला पोसण्याची रीत विद्यापीठांहून जुनी आहे. पुण्यात वार लावून जेवणारी आणि माधुकरी मागून शिकणारी मुले ही शेकडो घरांनी रोजच्या ताटातून दिलेली शिष्यवृत्तीच होती. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य महिना पाऊणशे रुपयांवर वीस वर्षे शिकवण्याचे बंधन पत्करत. बाजारात मिळू शकणाऱ्या पगारातला सोडलेला भाग ही त्यांची संस्थेला देणगीच होती, फक्त तिची पावती फाडली जात नव्हती. कमतरता दानतीची नव्हतीच. माधुकरी घालणारे घर आणि जेवणारा मुलगा यांचा संबंध शिक्षणाबरोबर संपे. तो मुलगा पुढे मोठा झाला, तर ऋण फेडायला कुणाच्या दारात जाणार? संस्था हा त्या ऋणाचा पत्ताच नव्हता.

तो पत्ता निर्माण करण्याचा एक प्रयत्न मुंबईत टक यांच्या देणगीआधी झाला होता. १८९२ साली जमशेटजी टाटांनी उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्यांना मदत करणारा निधी काढला, तो बक्षिशीचा नव्हता, ऋणाचा होता. आधी पारशी विद्यार्थ्यांसाठी असलेला हा निधी लवकरच सर्व भारतीयांना खुला झाला. शिकून आलेल्याने पैसे परत करायचे आणि ते पुढच्याच्या कामी यायचे. घेणारा भिकेचा धनी होत नाही, तो साखळीतला एक दुवा होतो. जयंत नारळीकरांसारखे शास्त्रज्ञ या निधीवर केंब्रिजला जाऊ शकले. कल्पना म्हणून ही रचना अमेरिकी वहिवाटीच्या तोडीची, किंबहुना काकणभर सरस, कारण इथे देणे ऐच्छिकही नाही. तिच्यात एकच उणे होते. तो निधी कुठल्या एका शाळेचा नव्हता, म्हणून त्यातून तुकडी घडली नाही, आणि तुकडी नसली की शेजारच्या बाकावरून येणारा तो फोनही नसतो.

स्वातंत्र्यानंतर आलेल्या व्यवस्थापन संस्थांनी पहिली चाळीस वर्षे हा प्रश्न टाळला, कारण तो टाळणे परवडत होते. अहमदाबादची भारतीय व्यवस्थापन संस्था (आयआयएम) १९६१ साली केंद्र सरकार, गुजरात सरकार, कस्तुरभाई लालभाईंसारखे उद्योजक, फोर्ड फाउंडेशन आणि हार्वर्ड यांच्या मदतीने उभी राहिली. विक्रम साराभाई आणि रवी मथाई यांनी तिला वळण दिले, लुई कान यांनी विटांच्या कमानी दिल्या. फी नाममात्र होती, खर्च सरकारचा होता, मग माजी विद्यार्थ्याकडे मागायचे कशाला? मागितले नाही, म्हणून त्यांनी दिले नाही. या मौनाची किंमत २००३-०४ साली कळली. केंद्र सरकारने भारत शिक्षा कोष काढला आणि आयआयटी, आयआयएमसारख्या संस्थांकडे येणाऱ्या देणग्या त्या मध्यवर्ती निधीतून जाव्यात असे फर्मावले. हेतू उदात्त सांगितला गेला: पैसा सर्व शिक्षणाला वाटला जाईल. परिणाम उलटा झाला. परदेशातल्या माजी विद्यार्थ्यांनी हात आखडता घेतला, कारण दिल्लीतल्या एका निधीशी त्यांचे कसलेच नाते नव्हते. पाठोपाठ आयआयएमची वार्षिक फी दीड लाखांवरून तीस हजारांवर आणण्याचा आदेश निघाला. संस्थांच्या दृष्टीने ते स्वस्ताईचे आमिष दाखवून स्वायत्तता काढून घेणे होते. सरकार बदलल्यावर २००४ साली हे निर्णय मागे घेतले गेले, पण धडा मागे राहिला. देणगीदाराला देशाचे शिक्षण नावाची अमूर्त गोष्ट दिसत नाही. त्याला आपली खोली, आपला वर्ग, आपले सर दिसतात. हा कोतेपणा वाटला तरी माणसाचे ऋण असेच ठिकाणाला बांधलेले असते, आणि शासनाने ते ठिकाण मधून काढून घेतले की ऋणच विरून जाते.

त्यानंतर वहिवाट हळूहळू पडू लागली. २०१७ च्या कायद्याने आयआयएमना कारभाराची मोकळीक दिली, तशी जबाबदारीही त्यांच्यावर आली. २०२० साली अहमदाबादच्या दहा माजी विद्यार्थ्यांनी १०० कोटींचा शब्द देऊन संस्थेचा अक्षयनिधी सुरू केला. पाच वर्षांत तो हजार कोटींवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले. व्यवस्थापनाबाहेरचे पण मराठी वाचकाच्या जवळचे उदाहरण पवईचे आहे. आयआयटी मुंबईच्या १९९८ च्या तुकडीने २०२३ साली पदवीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त ५७ कोटी रुपये देण्याचे ठरवले, आणि ही रक्कम दोनशेहून अधिक जणांची होती. हार्वर्डच्या १८८० च्या तुकडीने घालून दिलेली रीत ११८ वर्षांनी पवई तलावाच्या काठी पोचली, असे म्हणायला हरकत नाही. माझ्या मते या दोन बातम्यांत महत्त्वाची दुसरी आहे. दहा जणांचे शंभर कोटी ही सुरुवात झाली. दोनशे जणांचे सत्तावन्न कोटी म्हटले म्हणजे वाट मळू लागली.

या सगळ्यावर दोन आक्षेप गंभीर आहेत. पहिला असा की हे श्रीमंतांनी श्रीमंतांना देणे आहे. ज्या संस्थेतून बाहेर पडणारा पहिल्याच वर्षी लाखो कमावतो तिला कसली आली गरज? जिल्हा परिषदेच्या शाळेचे छप्पर का नको? वर करसवलत असल्याने यातला काही भार सरकारी तिजोरीवर, म्हणजे आम जनतेवर पडतो. आक्षेपात तथ्य आहे, पण त्याचा निष्कर्ष चुकीचा आहे. अहमदाबादच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाची फी आज वीस लाखांच्या वर गेली आहे. देणगी बंद केली तर ती संस्था गरिबांची होणार नाही, उलट कर्ज काढू शकणाऱ्यांचीच राहील. करसवलतीच्या बदल्यात समाजाने मागायचे ते हे की पैशाचा हिशेब उघडा असावा, इमारतींआधी गरज पाहून दिलेल्या शिष्यवृत्त्या असाव्यात, आणि किती विद्यार्थी त्यावर शिकले ते संस्थेने दरवर्षी छापावे. शाळेच्या छपराचे म्हणाल तर तिथेही माजी विद्यार्थी असतात. त्यांच्याकडे कुणी वही घेऊन गेलेले नसते, इतकेच. वहिवाट व्यवस्थापन शाळांत आधी पडली म्हणून ती तिथेच थांबावी असे नाही.

दुसरा आक्षेप दात्याच्या वजनाचा. पैसा देणारा उद्या प्राध्यापक नेमण्यात, अभ्यासक्रमात, टीका दाबण्यात हात घालील. ही भीती इतिहासाने खरी ठरवली आहे असे नाही, पण खोटीही ठरवलेली नाही. १९२४ साली हार्वर्ड बिझनेस स्कूलसाठी पाच दात्यांकडून दहा-दहा लाख डॉलर गोळा करायचे घाटत होते. बँकर जॉर्ज बेकर यांनी, स्वतः हार्वर्डचे विद्यार्थी नसताना, एकट्यानेच पन्नास लाख देऊन सारी शाळा बांधण्याचा मान मागून घेतला. चार्ल्स नदीकाठचा तो परिसर आजही त्यांच्या औदार्याची साक्ष देतो. पण एकट्या दात्यावर उभ्या राहिलेल्या संस्थेने त्याचा स्वभाव चांगला निघावा म्हणून देवाला साकडेच घालायचे. हजारो दात्यांच्या संस्थेला ते घालावे लागत नाही, कारण कुणा एकाची नाराजी तिला लुळी करू शकत नाही. म्हणजे दात्याच्या वर्चस्वावर औषध देणग्या कमी करणे हे नाही, दाते वाढवणे हे आहे. २०१० साली रतन टाटांच्या नेतृत्वाखालील टाटा कंपन्यांनी आणि समूहाच्या न्यासांनी हार्वर्ड बिझनेस स्कूलला पाच कोटी डॉलर दिले, तेव्हा पैसा परदेशी का, अशी कुरबुर आपल्याकडे झाली. रतन टाटा तिथे १९७५ साली काही आठवड्यांच्या वरिष्ठ व्यवस्थापकांच्या अभ्यासक्रमाला गेले होते, एवढाच त्यांचा संबंध. त्या शाळेने तेवढ्यावरही त्यांना पस्तीस वर्षे आपला माजी विद्यार्थी मानले. कुरबुर करणाऱ्यांनी आपल्या संस्थांना विचारायला हवे होते की दोन वर्षे, पाच वर्षे वर्गात बसलेल्यांचे पत्ते तरी तुमच्याकडे आहेत का?

टक स्कूलच्या पहिल्या वर्गात चार विद्यार्थी होते. चौघांकडून मोठा निधी उभा राहणे शक्य नव्हते, आणि तशी कुणाची अपेक्षाही नसेल. शाळेने त्यांची नावे वहीत ठेवली, पुढच्या वर्षी नवी नावे त्याखाली लिहिली, आणि हे काम सव्वाशे वर्षे चालू ठेवले. आपल्याकडच्या कुठल्याही संस्थेला, व्यवस्थापनाची असो वा तालुक्याच्या गावची, हे काम यंदा सुरू करायला देणगीदाराची गरज नाही. एक वही, एक कारकून आणि या जूनमध्ये बाहेर पडणाऱ्या तुकडीतला एक भरवशाचा वर्गप्रतिनिधी पुरे. त्या तुकडीने पहिल्या पगारातून शंभर-शंभर रुपये पाठवले तर रक्कम मोजायची नाही, नावे मोजायची.